जावाचं इंजिन खोललं तेव्हा

आजचा भाग जरा तेलकट आहे. एरवी आपण इथे बखरी, ताम्रपट, जुनी दफ्तरं यांच्याबद्दल बोलतो. आज माझ्यासमोर टेबलावर एक पिस्टन ठेवलाय. अ‍ॅल्युमिनियमचा, साडेपासष्ट मिलिमीटर व्यासाचा, एका अंगाला वरपासून खालपर्यंत ओरबाडलेला. दुसऱ्या अंगाला मात्र हात फिरवला तर अजून गुळगुळीत लागतो. हा पिस्टन तीस वर्षं एका बंद इंजिनात अडकून बसला होता, आणि तो अडकला त्या दिवशी गाडी मी चालवत होतो.

गाडी मामांची. जावा २५०, म्हैसूरच्या कारखान्यात १९६८ साली बनलेली. मामा साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. उसाच्या नोंदी घेत गावोगाव फिरायचे. त्यांनी ही गाडी १९७५ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतली. मे १९९४ मध्ये, मी सतरा वर्षांचा असताना, ती घेऊन पन्हाळ्याला निघालो. वाटेत पेट्रोल भरलं. घाट निम्मा चढलो आणि आवाज एकदम बदलला, टणटण झाली, मागचं चाक जागच्या जागी आवळलं गेलं. ज्याला आपल्याकडे ‘इंजिन सीज झालं’ किंवा ‘पिस्टन धरला’ म्हणतात, ते झालं. गाडी ओढून आणणाऱ्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, “तेल घातलं होतंस का?” ही टू-स्ट्रोक गाडी. तिच्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. विसरलात तर संपलं. मी म्हणालो, घातलं होतं. घरात कोणाचा विश्वास बसला नाही. दोन-तीन वर्षांनी माझाही बसेना. मामा यावर कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि ते जास्त लागायचं. गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत गेली. मामा २०११ मध्ये गेले. मग एकदा मामीच म्हणाल्या, “घेऊन जा बाबा ती, कोंबड्या अंडी घालतायत तिच्यात.”

तर हे इंजिन आम्ही खोललं. आम्ही म्हणजे कोल्हापुरातल्या उद्यमनगरातले एक मिस्त्री आणि त्यांच्या पायात येणारा मी. उद्यमनगर ही जागा या कामाला योग्यच. शेतावरच्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता इथले लोक ओतकामात आणि लेथकामात तयार झाले. सुटा भाग मिळत नसेल तर तो बनवायचा, ही इथली सवय जुनी आहे.

इंजिन खोलण्याआधी त्याची वंशावळ थोडी सांगतो. ती नुसती शोभेची नाही, पुढे पुरावा म्हणून लागणार आहे.

‘जावा’ या नावाचा जावा बेटाशी काही संबंध नाही. फ्रांतिशेक यानेचेक हा १८७८ मध्ये जन्मलेला चेक अभियंता. पहिल्या महायुद्धानंतर त्याचा धंदा शस्त्रास्त्रांचा होता. सैन्याकडून येणारं काम आटलं तेव्हा त्यानं १९२९ मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटरसायकलचं काम विकत घेतलं. यानेचेकचं ‘या’ आणि वाँडररचं ‘वा’. चेक उच्चार ‘यावा’, आपण म्हणतो जावा. पहिली गाडी ५०० सीसीची, फोर-स्ट्रोक, शाफ्टवर चालणारी आणि महाग. तोवर जगभर मंदी आली. महाग गाडी घेणार कोण? यानेचेकनं जॉर्ज पॅचेट नावाचा इंग्रज डिझायनर आणला, आणि १९३२ मध्ये विलिअर्सचं १७५ सीसी टू-स्ट्रोक इंजिन बसवलेली हलकी, स्वस्त गाडी काढली. ती खपली. जावा टू-स्ट्रोककडे वळली ती अशी, खिशाकडे बघून.

टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. अडचण अशी की जळका धूर बाहेर जायची खिडकी आणि ताजं मिश्रण आत यायची खिडकी बराच वेळ एकदमच उघड्या असतात. आत आलेलं ताजं पेट्रोल सरळ समोरच्या खिडकीतून बाहेर पळतं. जुन्या इंजिनांत यावर उपाय म्हणून पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा ठेवायचे, म्हणजे येणारा झोत त्याला आपटून वर वळावा. पण तो उंचवटा तापायचा आणि पिस्टन जड व्हायचा. १९२० च्या दशकात आडोल्फ श्न्यूर्ले या जर्मन अभियंत्यानं वेगळी युक्ती काढली. आत येणाऱ्या दोन झोतांच्या वाटाच तिरक्या कापायच्या. ते सिलिंडरच्या मागच्या भिंतीकडे जातात, तिथून वर चढतात, डोक्याशी वळसा घेतात आणि पुढच्या बाजूनं धूर ढकलत खाली येतात. पिस्टन सपाट राहतो. या पद्धतीचे हक्क डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीनं घेतले आणि १९३० च्या दशकात तिच्या मोटरसायकली सगळ्यांच्या पुढे गेल्या. माझ्या टेबलावरच्या पिस्टनचं डोकं जवळजवळ सपाट आहे, त्यामागे हा माणूस आहे.

मार्च १९३९ मध्ये हिटलरचं सैन्य प्रागमध्ये आलं. कारखाना जर्मन लष्करी कामाला जुंपला गेला. नव्या मोटरसायकलींची आखणी बंद, निदान कागदोपत्री. प्रत्यक्षात जावाच्या लोकांनी युद्धानंतरच्या गाडीचं काम गुपचूप चालू ठेवलं. यानेचेक १९४१ मध्ये वारला, त्यानं ती गाडी रस्त्यावर पाहिली नाही. १९४६ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा तिला सुवर्णपदक मिळालं. लोकांनी तिला नाव दिलं पेराक, म्हणजे स्प्रिंगवाला. एक तर तिच्या सस्पेन्शनमुळे; आणि युद्धाच्या काळात प्रागमध्ये ‘पेराक’ नावाच्या एका भुताची अफवा होती, पायाला स्प्रिंगा लावून घरांवरून उड्या मारत जाणारं भूत. (आपल्याकडे मुंजा जागचा हलत नाही. चेक भूत जास्त उद्योगी दिसतं.) तोवर कारखाना सरकारजमा झाला होता. १९५४ मध्ये पेराकच्या पाठीवर ३५३ नंबरचं मॉडेल आलं, आणि तेच पुढे आपल्याकडे आलं. बोअर ६५, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, एकच सिलिंडर. पण समोर धुराच्या दोन खिडक्या, म्हणून दोन सायलेन्सर. लहानपणी मला ते दोन सायलेन्सर पाहून ही ‘डबल इंजिन’ वाटायची.

मुंबईतल्या रुस्तम आणि फारुख इराणी यांनी १९६० मध्ये आयडियल जावा कंपनी काढली. आयातीवर निर्बंध आले होते. गाडी विकायची तर ती इथंच बनवणं भाग होतं. म्हैसूरच्या यादवगिरीत कारखाना उभा राहिला. १९६१ मध्ये त्याचं उद्घाटन जयचामराज वाडियार यांनी केलं, पूर्वीचे महाराजा आणि त्या वेळचे राज्यपाल. सुरुवातीला भाग चेकोस्लोव्हाकियातून यायचे आणि इथे जुळवणी व्हायची, मग हळूहळू एकेक भाग इथं होऊ लागला. १९७३ पासून टाकीवर ‘येझदी’ नाव आलं. इतकं पुरे. आता पाना हातात घेऊ.

इंजिन फ्रेममधून काढून बाकावर ठेवलं. हेडचे चार नट निघाले, सिलिंडर मात्र निघेना. हे बीडाचं सिलिंडर, त्यात अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, तीस वर्षं एकमेकांना धरून. मिस्त्रींनी वरून डिझेल ओतून ठेवलं आणि मला चार दिवसांनी यायला सांगितलं. चार दिवसांनी लाकडी ठोकळा आणि हातोडी. घाव इतके हलके की मला वाटलं हे वेळ काढतायत. तासाभरानं पिस्टन सुटला.

त्यांनी तो उजेडाकडे धरला, फिरवून पाहिला, काही न बोलता बाजूला ठेवला. मी विचारलं, तेल नव्हतं ना? ते म्हणाले, “एवढ्यात कशाला न्याय करताय? अजून निम्मं इंजिन बंद हाय.”

डावीकडचं कव्हर काढलं. आत क्लच आणि क्रँकवरून त्याला येणारी चेन. या चेनला जोड नसतो, म्हणून क्लच आणि क्रँकवरचं चक्र दोन्ही एकदमच बाहेर ओढावं लागतं, आणि ते चक्र पुलर लावल्याशिवाय हलत नाही. मागे कोणीतरी पुलरऐवजी छिन्नी लावली होती; चक्राच्या कडेवर तिचे घाव स्पष्ट होते. त्यावर मिस्त्रींनी त्या अनोळखी सहकाऱ्याविषयी जे उद्गार काढले ते इथे देता येत नाहीत.

मग गिअरबॉक्स. जावाची गंमत अशी की गिअरचा लिव्हर आणि किक एकच. लिव्हर आत दाबून वर फिरवला की तो किकचं काम करतो. आणि गिअर टाकायला पाय दाबला की लिव्हरच्या शाफ्टवरचा कॅम क्लचची दांडी आपोआप ढकलतो, हाताचा क्लच न दाबताही गिअर पडतो. मामा डाव्या हातात नोंदवही धरून गिअर बदलायचे ते मी पाहिलंय. तेव्हा मला ती जादू वाटायची. आता तो कॅम पाहिला, नखाएवढा झिजलेला. हाताच्या क्लचनं चालवली असती तर तो एवढा झिजला नसता. म्हणजे ती सवय इथे लोखंडात नोंदलेली होती.

तिसरा गिअर उडायचा, हे मला आठवत होतं. कारण दिसलं. दोन गिअर एकमेकांत अडकतात ते बाजूच्या जाड दातांनी, आणि त्यांच्या कडा गोल झाल्या होत्या. चौकोनी कडा धरून ठेवते, गोल कडा ताण आला की निसटते. मी म्हणालो, घासून परत चौकोनी करू. मिस्त्रींनी मान हलवली. गिअरचं पोलाद वरच्या पातळ थरापुरतंच कडक केलेलं असतं, आतला गाभा मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे धक्क्यानं दात तुटू नये. कडा घासल्या तर कडक थर जाणार आणि मऊ गाभा महिनाभरात पुन्हा गोल होणार. मग पुण्याला नाना पेठेत दोन चकरा झाल्या. दुसऱ्या चकरेत एका खोक्याच्या तळाशी जोडी मिळाली. दुकानदारानं किंमत माझ्या चेहऱ्याकडे बघून सांगितली.

मधे चेंबरचा प्रश्न आला. चेंबर म्हणजे इंजिनाचं खालचं धड, ज्यात क्रँक आणि गिअरबॉक्स शेजारी शेजारी बसतात. त्याला मागच्या चेनच्या चक्राजवळ एक जुना वेल्डिंगचा वळ होता. कधीतरी चेन तुटून आत गोळा झाली असणार आणि तिनं अ‍ॅल्युमिनियम फोडलं असणार. हा या रचनेतला नेहमीचा अपघात. मला अखंड चेंबर मिळत होता, तोही स्वस्तात. ‘ओरिजिनल’ दिसली असती गाडी. मिस्त्री म्हणाले, “नंबर ह्याच्यावर हाय.” इंजिन नंबर चेंबरवर ठोकलेला असतो आणि आरसी बुकात तोच लिहिलेला असतो. चेंबर बदलला की कागदोपत्री ती दुसरी गाडी. मामीला विचारलं तर त्यांना तो अपघातही आठवत होता, सोळांकूरच्या वाटेवर चेन तुटून मामा चार मैल चालत आले होते. वळ राहिला.

आता क्रँक. इथे मी आधी दिलेली वंशावळ लागते. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आधी खाली क्रँकच्या खोलीत येतं आणि मग वर चढतं. म्हणजे क्रँकच्या बेअरिंगांना वेगळं तेल नाही. पेट्रोलबरोबर येईल तेवढंच. जुन्या जावाला पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल लागायचं. शिवाय ही खोली हवाबंद हवी. क्रँकची दोन टोकं जिथून बाहेर पडतात तिथे रबरी ऑइल सील असतात. डाव्या टोकाचं क्लचच्या तेलात भिजलेलं. उजवं डायनामोच्या बाजूचं, कोरड्यात.

डावं सील गेलं तर इंजिन क्लचमधलं तेल ओढून पांढऱ्या धुराचे लोट सोडतं, ते लगेच कळतं. उजवं गेलं तर ते हवा ओढतं, आणि ते लवकर कळत नाही. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. गाडी उलट थोडी चलाख वाटते, फक्त तापते. आणि कुठे तापते? श्न्यूर्लेच्या वळशात ताजं गार मिश्रण मागच्या भिंतीवर येतं आणि जळका वायू पुढच्या खिडक्यांतून जातो. मागची बाजू सतत धुतली जाते, पुढची भाजत राहते. इंजिन हवा ओढून तापलं तर पिस्टन पुढच्या अंगाला धरतो.

तेलच नसेल तर? मग तो सगळीकडून धरतो. आणि त्याआधी कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे रोलर कोरडे पडून निळे-काळे होतात.

क्रँक बाहेर आला. मिस्त्रींनी रॉड वरखाली हलवून पाहिला. थोडा खेळ होता, वयाला साजेसा. मग प्रेसवर पिन काढली आणि रोलर हातावर घेतले. चकाकत होते. रॉडच्या खाचेत तपकिरी, मधासारखं घट्ट तेल होतं. नंतर उजवं सील बोटात धरून वाकवलं, ते बिस्किटासारखं मोडलं. मग पुन्हा पिस्टन हातात घेतला: ओरखडे समोरच्या दोन खिडक्यांच्या रेषेत, पाठ गुळगुळीत.

“तेल होतं,” ते म्हणाले. “हवा ओढली ह्यानं.”

मी तिथल्या स्टुलावर बसलो. थोड्या वेळानं, आपला धंदा आठवून, मी उलटतपासणी सुरू केली. रॉडमधलं तेल आधीच्या टाकीचं असू शकत नाही का? असू शकतं, म्हणाले. मी तेल घातलं पण निम्मंच घातलं, असं झालं असेल का? तेही असू शकतं. कमी तेल आणि जादा हवा दोन्ही मिळून. टाकीत काय राहिलं होतं ते पाहिलं असतं तर नक्की कळलं असतं, पण टाकी त्याच संध्याकाळी रिकामी केली होती. तो कागद गहाळ. तेव्हा नेमकं सांगायचं तर एवढंच सांगता येतं: इंजिन कोरडं नव्हतं, आणि ते सील मी गाडी नेली नसती तरी त्या उन्हाळ्यात कोणाला तरी घाटात उभं करणारच होतं. बहुतेक मामांना.

मामा बोलले नाहीत, त्याचा अर्थ मी तीस वर्षं एकच लावला होता. आता वाटतं, बरीच वर्षं गाडी चालवलेल्या त्या माणसाला महिनाभर आधीपासून ती जास्त तापताना जाणवली असेल का? मामीला विचारलं. त्या म्हणाल्या, “त्या वर्षी ते गाडीला हात लावून बघायचे सारखे. ताप बघितल्यागत.” याच्या पलीकडे माझ्याकडे पुरावा नाही.

बाकीचं काम भराभर सांगतो. सिलिंडर पुढच्या साइजला बोअर केलं. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये फट केसाहून कमी. पोर्टच्या कडा हलक्या घासल्या, नाहीतर रिंगा त्यांत अडकून तुटतात. रिंगांची तोंडं पिस्टनवरच्या बारीक खुंट्यांवरच बसवायची, म्हणजे त्या फिरून खिडकीसमोर येत नाहीत. क्रँकला नवी पिन, नवा रॉड. मग तो लेथवर दोन टोकांत धरून फिरवायचा, डायल गेजचा काटा बघायचा आणि तांब्याच्या हातोडीनं टोले देत सरळ करायचा. या एका कामाला पूर्ण दुपार गेली. मिस्त्री टोला देत, काटा बघत, चहा घेत, परत टोला देत. त्यांच्याकडे दोन मुलं शिकायला आहेत, पण क्रँक ते अजून त्यांच्या हातात देत नाहीत. दोन्ही सील नवी. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर.

कारखाना बंद पडला १९९६ मध्ये. १९८४ ते ८६ च्या दरम्यान जपानी मदतीनं बनलेल्या १०० सीसीच्या गाड्या एकामागून एक आल्या. त्यांत फोर-स्ट्रोक हिरो होंडाच्या मायलेजपुढे २५० सीसीच्या टू-स्ट्रोकचा हिशेबच बसेना. नव्वदीत धुराचे नियम आले आणि ते कडक होत गेले. ज्या खिडक्यांतून थोडं कोरं पेट्रोल बाहेर पळतं, त्या खिडक्यांचं आयुष्य तिथे संपलं. श्न्यूर्लेनं गळती कमी केली होती, बंद केली नव्हती. आयडियल जावाचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक इथे थांबतात. पण सुटे भाग येणं बंद झाल्यावरही आज एवढ्या जावा-येझदी रस्त्यावर आहेत आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी रांगा लावून निघतात. त्या कोणी चालत्या ठेवल्या याची नोंद कोणत्याही कंपनीच्या कागदात नाही. छिन्नी लावणाऱ्याचीही नाही.

गाडी गेल्या महिन्यात सुरू झाली. आठव्या किकला. मामी ओसरीवर होत्या, धूर घरात शिरला तसं म्हणाल्या, “दार लाव.” सध्या पहिले पाचशे किलोमीटर तिला जपून चालवायचंय, चाळीसच्या वर नाही. पन्हाळा त्यानंतर. तेल मी मापानं घालतो, आणि पंपावरच्या मुलाला दोनदा विचारतो, तू पाहिलंस ना घालताना?

पुढच्या भागात पुन्हा कागदांकडे. तोवर नमस्कार.